बोट डावीकडे कलली की ब्रेकर उडतो: १९८३ सालच्या ‘सखू’चं वायरिंग

शिडवाला

मंडळी, इथे घरच्या एमसीबीवर आणि इन्व्हर्टरवर भरपूर चर्चा होते. बोटीच्या ब्रेकरबद्दल, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचबद्दल, कुणी विचारलेलं मला तरी सापडलं नाही. पण जहाजावर नोकऱ्या केलेली दोन-चार माणसं इथे आहेत हे ठाऊक आहे, म्हणून धीर करतो.

मी मूळचा चिपळूणचा, गेली अठरा वर्षं मेरिलँडमध्ये. तीन वर्षांपूर्वी एक जुनी ३० फुटी शिडाची बोट घेतली, १९८३ सालची. फायबरग्लासचं अंग, एक अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी, पोटात दोन सिलिंडरचं छोटं डिझेल. माझ्याआधी तिचे किमान चार मालक झाले. मी नाव ‘सखू’ ठेवलं. बायको म्हणते, सखू बिचारी सोसणारी सून होती, ही तर खाष्ट सासू आहे.

आत नकाशाच्या टेबलाशेजारी काळं पॅनेल आहे, बारा व्होल्टचे बारा ब्रेकर, खाली काढलेल्या अक्षरांच्या पट्ट्या. त्यातला ‘रनिंग लाइट्स’चा ब्रेकर १० अ‍ॅम्पियरचा. त्यावर नाळेवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, लाल-हिरवा दिवा, मागचा पांढरा आणि होकायंत्राचा इवलासा बल्ब, इतकंच. नाळेवरचा २५ वॅटचा, मागचा १० चा. डीसी टाँग टेस्टर लावून मोजलं तर ३.१ अ‍ॅम्पियर. म्हणजे लोड जास्त म्हणून उडतोय असं अजिबात नाही.

जून महिन्यातली गोष्ट. चेसापीक उपसागरात रॉक हॉलहून अ‍ॅनापोलिसला परत येत होतो. तोंड दक्षिणेला, वारा पश्चिमेचा, पंधरा नॉटच्या आसपास. म्हणजे वारा उजवीकडून आणि बोट डावीकडे छान वीसेक अंश कललेली. साडेआठला सूर्य बुडाला, दिवे लावले. बे ब्रिजच्या अलीकडे मोठा झोत आला, बोट आणखी कलली आणि खाट! होकायंत्र काळं. वाकून पाहिलं तर ब्रेकर खाली. वर केला, दिवे लागले. दोन मिनिटांनी पुन्हा खाट. असं सहा वेळा. ज्यांनी तिथे रात्री बोट चालवली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, बॉल्टिमोरला जाणारी मालवाहू जहाजं याच पुलाखालून जातात, आणि त्यांच्या सुकाणूच्या खोलीतून बिनदिव्याची ३० फुटी होडी म्हणजे काहीच नाही. बायको सुकाणूवर, मी टॉर्च घेऊन शिडावर उजेड पाडत उभा. नुसत्या टॉर्चवर भागवायची सवलत नियमात सात मीटरच्या आतल्या शिडाच्या होड्यांना आहे, आमची नऊ मीटरची. पण दुसरा उपाय नव्हता. शेवटी शिडं उतरवली, इंजिन लावलं. बोट सरळ झाली आणि ब्रेकर निमूट बसला. घरी पोचेपर्यंत एकदाही उडला नाही.

तेव्हापासून हेच. धक्क्याला बांधलेली असताना रात्रभर दिवे लावून ठेवले, काही होत नाही. उजवीकडे कलली तरी नाही. डावीकडे कलली, तीही जोरात, की खाट.

आत्तापर्यंत मी काय केलं: तिन्ही बल्ब बदलले. शेजारचा ‘केबिन लाइट्स’चा ब्रेकरही १० चाच आहे, दोघांची अदलाबदल केली. दोष रनिंग लाइट्सपाशीच राहिला, म्हणजे ब्रेकर निर्दोष असावा. मल्टिमीटरने धक्क्यावर वायरी तपासल्या, कुठे शॉर्ट दिसत नाही. बिल्जमध्ये, म्हणजे पाणी साठतं त्या बोटीच्या तळात, डोलकाठीच्या पायथ्याशी वायरींचं एक जुनं जोडकाम आहे, तिथे पाणी हिंदकळत असेल म्हणून बिल्ज कोरडं केलं, जोडांना टेप गुंडाळली. फरक शून्य.

धक्क्यावरचे एक अनुभवी शेजारी म्हणतात, जुने ब्रेकर नाजूक होतात, १५ चा टाक आणि विसरून जा. आणूनही ठेवलाय. टाकू का?

मांडवेकर

बोट ३० फुटी, हेवा वाटला. आमची २६ फुटी, आणि पावसाळ्यात वर काढून ताडपत्रीखाली. वर्षाचे चार-पाच महिने नुसती तिच्याकडे बघायची.

माझं मत पाण्यावरच. बिल्जमध्ये जोड म्हणजे गुन्हा. टेप गुंडाळून काही होत नाही, उलट टेपच्या आत ओल धरते. माझ्या बोटीत पॅनेलच्या मागची वायर सोलली तर आत तांबं नव्हतंच, काळी भुकटी होती. तेही टोकाला नाही, हातभर आतपर्यंत. खारी ओल तारांच्या मधून दिव्याच्या वातीसारखी वर चढते. टिन केलेली, म्हणजे तांब्यावर कथलाचा मुलामा दिलेली वायर घ्या. तुमच्याकडे दुकानात मिळत असेल, मी लोहार चाळीत मागितली तेव्हा दुकानदाराने आधी मला वरून खालपर्यंत बघितलं आणि मग चहा पाजला. वायर नव्हती.

निवृत्त_ईटीओ

१५ चा ब्रेकर ज्या पिशवीतून आणला त्याच पिशवीत परत घालावा. का ते पुढे सांगतो.

मी सत्तावीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर होतो, आता रत्नागिरीला असतो. शिडाच्या बोटीचा अनुभव नाही, पण वीज सगळीकडे सारखीच वागते.

मांडवेकरांचं वायर काळी पडण्याबद्दल शंभर टक्के खरं. पण या दुखण्याचं ते कारण नाही. बारा व्होल्टवर दोन जोडांच्या मध्ये खारं पाणी आलं तर थोडा करंट गळेल, तांबं खाल्लं जाईल, हिरवं चुरचुरीत होईल. दहाचा ब्रेकर खाटकन उडायला तेवढं पुरत नाही. तिथे धातूला धातू लागायला हवा.

शिडवाला, तुम्ही ‘खाट’ लिहिलंत, ते नीट लिहिलंत की नुसतं रंगवण्यासाठी? ब्रेकर झोत येताच त्या क्षणी उडतो, की कललेल्या अवस्थेत मिनिट-दोन मिनिटं थांबून? फार फरक आहे. अशा छोट्या पॅनेलमध्ये अनेक ब्रेकर उष्णतेवर चालतात, आत द्विधातूची पट्टी तापून वाकते. किंचित जास्त करंट असला तर ती सावकाश वाकते. भरपूर असला तर लगेच. ढिल्या स्क्रूमुळे टोक तापलं तरी ती वाकते, लोड काही नसतानाही, आणि मग लोक लोडला दोष देत बसतात.

लगेच उडत असेल तर कुठेतरी पॉझिटिव्ह वायर उघडी पडून धातूला टेकते आहे, आणि तो धातू निगेटिव्हला जोडलेला आहे. दोन्ही गोष्टी हव्यात. आता मला सांगा, तुमची अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी कशाला जोडली आहे? आकाशातल्या विजेपासून संरक्षण म्हणून तिला जाड वायरने बोटीच्या तळाच्या कण्याच्या (कील) बोल्टला जोडतात असं वाचलंय. इंजिनचं अंग बॅटरीच्या निगेटिव्हला असतंच. ते दोन्ही आतून एकत्र असतील तर तुमची अख्खी डोलकाठी म्हणजे ३५-४० फूट उंचीचं निगेटिव्ह टर्मिनल आहे. तिला कुठलीही लाल वायर टेकली की काम झालं.

आता १५ बद्दल. ब्रेकर दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. समजा उघडी वायर डोलकाठीला नीट दाबून लागत नाही, गंजलेल्या टोकाने कशीबशी लागते, मध्ये एक ओहम रोध आहे. करंट किती? साधारण १२ अ‍ॅम्पियर. दहाचा ब्रेकर थोड्या वेळाने का होईना उडेल. पंधराचा कधीच उडणार नाही. आणि त्या टेकलेल्या टोकाशी दीडशे वॅट उष्णता पडत राहील. घरची सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. सहा आयर्न एका जागी धरून कुठे ठेवल्यात, तर फायबरग्लासच्या बोटीत. तुमच्या शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

पुणेरी_वायरमन

काकांनी थिअरी सांगितली, मी जुगाड सांगतो. इथल्या कुठल्याही पोराला विचारा, शॉर्ट शोधायला आधी काय करतो? सिरीज बल्ब. बोटीत तेच करा.

गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॅटचा बल्ब घ्या. ब्रेकरच्या लोडकडच्या वायरी काढा, आणि ब्रेकर ते वायर यांच्या मध्ये हा बल्ब जोडा. बाकीचे दिवे त्या वायरींवरून काढून टाका. आता वायर मोकळी असेल तर बल्ब मेलेला राहील. कुठे शॉर्ट झाला की बल्ब फुल पेटेल. जास्तीत जास्त साडेचार अ‍ॅम्पियर जाणार, वायर गरम होणार नाही, ब्रेकर उडणार नाही, दहा वेळा वर-खाली करायची कटकट नाही. आणि शॉर्ट क्षणभर झाला तरी लुकलुक दिसते. मल्टिमीटर घेऊन बसलात तर त्याचा आकडा हलेपर्यंत शॉर्ट गायब.

एक एक वायर घ्या. सगळ्या एकदम लावून बघू नका, नाहीतर परत कुठली ते शोधत बसाल.

निवृत्त_ईटीओ

याला जुगाड म्हणू नका, पद्धतच आहे. आम्हीही अर्थ फॉल्ट शोधायला बोर्डवर दिव्यांकडे बघत एक एक ब्रेकर पाडायचो. ज्याच्यावर दिवा सुधारला तो गुन्हेगार.

पण पॅनेल उघडण्याआधी धक्क्यावरून येणाऱ्या विजेची केबल उपटून ठेवा. नुसता ब्रेकर पाडून नाही, उपटून. जुन्या अमेरिकन बोटींत बारा व्होल्ट आणि १२० व्होल्ट एकाच दारामागे असतात. १२० व्होल्टची जिवंत वायर काळी, आणि बारा व्होल्टची निगेटिव्हही काळी. म्हणूनच तिकडच्या एबीवायसी या बोटींची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात डीसी निगेटिव्ह पिवळी करायला सांगितली आहे. १९८३ च्या बोटीत ती पिवळी असणार नाही.

आणि मागे हात घातलात की आधी वायरी मोजा. दिवे तीन, तर वायरी तीन. जास्त निघाल्या तर इथे लिहा.

शिडवाला

ईटीओकाका, तुम्ही ज्योतिष बघता का?

शनिवारी धक्क्यावरची केबल काढली, बॅटरीचा मोठा स्विच बंद केला, पॅनेलचे चार स्क्रू काढले. मागचं दृश्य म्हणजे लग्नाच्या मांडवातली माळ कुणीतरी घाईत गुंडाळून ठेवलेली. चाळीस वर्षांत चार मालकांनी आपापली भर घातली आहे. मूळ वायरी अजून ओळखू येतात, कारण दिव्यांच्या वायरी इथे गडद राखाडी असतात. त्या दोन दिसल्या, नाळेची आणि मागची. होकायंत्राची निळी. आणि चौथी.

चौथी म्हणजे घरगुती टेबललॅम्पची तपकिरी जोडवायर. घरात वापरतात ती प्लास्टिकची लाल टोपी घालून राखाडी वायरीला पिळून जोडलेली. पॅनेलवर कुठेही तिचा उल्लेख नाही. ती बाकांच्या मागून, पाण्याच्या टाकीवरून बिल्जमध्ये उतरते, आणि डोलकाठीच्या पायथ्याशी आत शिरते. बस. पुढे काय ते दिसत नाही.

डोलकाठीवर रात्री डेकवर उजेड पाडायचा दिवा असावा असं वर बघून वाटत होतं. डोलकाठीवर उंचावर असलेल्या आडव्या दांड्याखाली दोन स्क्रूची भोकं आहेत, दिवा नाही. म्हणजे कुण्या मालकाने दिवा बसवला, त्याची वायर रनिंग लाइट्सवर मारली, पुढच्या मालकाने दिवा काढला आणि वायर तशीच जिवंत आत सोडून दिली. माझ्या रनिंग लाइट्सबरोबर गेली कित्येक वर्षं ती वर बारा व्होल्ट घेऊन लटकते आहे.

आणि हो, डोलकाठीच्या पायथ्यापासून कण्याच्या बोल्टला जाड हिरवी वायर आहे. तिथून इंजिनला. मीटर लावला, डोलकाठी ते बॅटरी निगेटिव्ह, शून्य ओहम.

आता सिरीज बल्बची गंमत. वायरमनदादांनी सांगितल्याप्रमाणे हेडलाइटचा बल्ब लावला, राखाडी वायर लावली, काही नाही. निळी, काही नाही. तपकिरी लावली, तरी काही नाही. अर्थातच, बोट सरळ होती ना. मग तिला कलवायची कशी?

धक्क्यावरच्या दोन मित्रांना बोलावलं, एक नव्वद किलोचा, दुसरा त्याहून मोठा. शिडाची आडवी बूम डावीकडे पूर्ण बाहेर काढून बांधली, टोकाला दोर अडकवला आणि दोघांनी धक्क्यावरून दोराला लटकायचं. माझी मुलगी आत बल्बपुढे. बायको डावीकडच्या कठड्यावर उभी, तिचं वजन मी लिहीत नाही. बोट दहा-बारा अंश कलली. बल्ब काळाच. मुलगी ओरडली, “बाबा, काही नाही!” मोठा मित्र म्हणाला, झोका घेऊ? आणि त्यांनी दोराला झोके द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या झोक्याला आतून आवाज आला, “लागला! गेला! लागला!”

आजूबाजूच्या बोटींवरची माणसं बाहेर येऊन बघत होती. १५ चा ब्रेकर सुचवणारे शेजारीही. त्यांनी शांतपणे विचारलं, हा काही धार्मिक प्रकार आहे का.

पुणेरी_वायरमन

😂 व्हिडिओ कुठाय?

तपकिरी कापा, टोक बंद करा, विषय संपला.

मांडवेकर

माझा पाण्याचा तर्क मागे घेतो. पण घरगुती वायर बघून अंगावर काटा आला. आमच्याकडे मच्छीमार बोटींवर हीच वायर सर्रास. स्वस्त, आणि दर हंगामाला नवीन टाकतात, म्हणून चालतं.

शंका: फक्त डावीकडेच का? वायर उजवीकडेही लटकायला हवी.

निवृत्त_ईटीओ

मांडवेकर, चांगला प्रश्न. वायर आत कुठल्या बाजूला बांधलेली आहे त्यावर. उजवीकडे कलल्यावर ती मोकळ्या पोकळीत किंवा दोरांच्या गर्दीत जात असेल. उघडलं की कळेल.

शिडवाला, वायर नुसती पॅनेलपाशी कापून थांबू नका. दोष गेला असं वाटेल, पण वायर आत डोलकाठीत राहिली तर पुढचा मालक पुन्हा तिला काहीतरी जोडेल. मालकांची साखळी तुम्ही पाहिलीच आहे. ओढून बाहेर काढा. काढताना तिच्या टोकाला पातळ दोरी बांधा म्हणजे पुढे गरज पडली तर नवी वायर आत ओढता येईल.

तिथे वर गेल्यावर एक हिशेब डोक्यात असू द्या. पॅनेलपासून त्या दांड्यापर्यंत वायर साधारण चाळीस फूट. १६ गेजची धरली तर तिचाच रोध ०.१६ ओहम. बॅटरी, स्विच, जुने जोड धरून पाव ओहम म्हणू. म्हणजे पक्का शॉर्ट झाला तरी पन्नासेक अ‍ॅम्पियरच जातात, घरच्यासारखे शेकडो-हजारो नव्हेत. त्यात वायर क्षणभर टेकते आणि सुटते. म्हणून तुमचा ब्रेकर कधी पहिल्या हेलकाव्याला उडायचा, कधी तिसऱ्याला. पट्टीला तापायला तेवढा वेळ मिळायला हवा ना.

आणखी एक काम. ‘रनिंग लाइट्स’चा मूळचा ब्रेकर आता केबिनवर आहे ना? तो परत जागेवर लावा, सगळे दिवे लावून त्याच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज मोजा. चालू असताना. दुसरं काही नको, एवढा आकडा मला सांगा.

शिडवाला

शेवटचा हप्ता, जरा उशिरा लिहितोय कारण मध्ये ऑफिस नावाची गोष्ट आली.

धाकट्या मित्राने मला दोरावर बांधून वर खेचलं. वीस फुटांवर, आडव्या दांड्याच्या खाली, डाव्या बाजूला वायर बाहेर यायचं भोक आहे. एकेकाळी त्याच्या कडेला रबराचं ग्रोमेट, म्हणजे वायर कडेला घासू नये म्हणून बसवायची कडी असावी, आता बोट लावलं तर भुगा पडला. अ‍ॅल्युमिनियमची कड सुरीसारखी. तपकिरी वायरीचं टोक कापून आत ढकललेलं होतं, त्याच्यावर टेपचा एक वेढा, उन्हाने कडक होऊन सुटलेला. टोक भोकापासून चार बोटं आत, डाव्या भिंतीच्या अंगाने लटकत होतं. मांडवेकर, हे तुमचं उत्तर. उजव्या अंगाला दोर वर-खाली नेणाऱ्या आतल्या पट्टीचा आडोसा आहे, वायर तिथवर पोचतच नाही. डाव्या भिंतीवर जिथे टोक आपटायचं तिथे बारीक काळ्या ठिणग्यांचे डाग, मिरी दळून शिंपडल्यासारखे. मी तिथे वर लोंबकळत दोन मिनिटं नुसता ते डाग बघत होतो. बे ब्रिजखालच्या त्या रात्रीचे सहा डाग तरी त्यात असणारच.

वायर ओढून काढली, काकांनी सांगितल्याप्रमाणे मागे दोरी सोडली. बाहेर आली ती एकोणचाळीस फूट. मुलीने मोजली. काका, तुमचा चाळीसचा अंदाज मी जपून ठेवतोय.

आता ब्रेकरचा आकडा. मूळचा परत लावला, सगळे दिवे चालू, ३.१ अ‍ॅम्पियर जाताना दोन टोकांमध्ये ०.४२ व्होल्ट. केबिनवाला त्याच जागी लावून बघितला तर ०.०६. म्हणजे मी ‘निर्दोष’ म्हणून सोडून दिलेला ब्रेकर आतून खलास होता, फक्त खून त्याने केला नव्हता.

निवृत्त_ईटीओ

तेच बघायचं होतं. ०.४२ गुणिले ३.१, सव्वा वॅटहून जास्त उष्णता नखाएवढ्या जागेत. दर वेळी शॉर्टवर उघडताना आतले संपर्क जळतात, खडबडीत होतात. आणि इतकी वर्षं रोज तोच स्विच म्हणून वापरलेला. अमेरिकन मानकात दिशादर्शक दिव्यांच्या सर्किटला एकूण ३ टक्के घट चालते, बारा व्होल्टवर ०.३६. तुमचा एकटा ब्रेकरच त्याहून जास्त खात होता, वायर अजून धरलीच नाही. दिवे पिवळट दिसत असणार.

नवा घ्या. दहाचाच.

शिडवाला

दिसायचेच! मला वाटायचं जुन्या काचेमुळे. नवा दहाचा बसवला, ०.०३ व्होल्ट. पंधराचा दुकानात परत केला, काउंटरवरच्या मुलीने कारण विचारलं तेव्हा म्हटलं, रत्नागिरीहून हुकूम आलाय.

पॅनेलमागच्या लाल टोप्या सगळ्या काढल्या. सात निघाल्या. टिन केलेली वायर, दाबून बसवायचे लग, वर गोंदवाली आकसणारी नळी. मांडवेकर, वायर दुकानात रीळच्या रीळ टांगलेली असते इथे, तुमच्यासाठी डिसेंबरमध्ये घेऊन येतो, गेज सांगून ठेवा.

एक प्रश्न उरलाय. नाळेच्या जुन्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब टाकावा का? २५ वॅटऐवजी दोन-तीन वॅट.

निवृत्त_ईटीओ

नुसता बल्ब नको. लाल-हिरव्या काचेमागे पांढरा एलईडी टाकला की रंग सरकतो, हिरवा निळसर दिसायला लागतो, आणि दोन रंगांच्या मधली रेघ जागेवर राहत नाही. ती काच आणि तो फिलामेंट एकमेकांसाठी मोजून बनवलेले असतात. अख्खा प्रमाणित एलईडी दिवा घ्या, बारा मीटरखालच्या बोटीला बाजूचा दिवा एक मैलावरून दिसला तरी पुरतो, दोन मैलांचा मिळाला तर तोच घ्या.

बसवताना खालची वायर ओढून बघा. नाळेवरचं ग्रोमेटही १९८३ चंच असणार.

शिडवाला

आत्ताच जाऊन बघितलं. भुगा.